कॅनॉटचे ड्यूकपद : सनद, वंश आणि भूमी (१८७४–१९४३)

नव्या दिल्लीच्या मध्यभागी वर्तुळाकार बाजारपेठ उभारण्याचे काम १९२९ साली सुरू झाले आणि १९३३ साली पूर्ण झाले. तिला ‘कॅनॉट प्लेस’ हे नाव देण्यात आले. हे नाव ज्या ड्यूकपदावरून पडले ते १९४३ साली वारसाअभावी संपुष्टात आले. ज्या प्रांतावरून त्या ड्यूकपदाला नाव मिळाले, तो आयर्लंडमधील प्रांत तर १९२२ सालीच युनायटेड किंगडमच्या बाहेर गेला होता. बाजारपेठेच्या आतील वर्तुळाचे ‘राजीव चौक’ असे नामांतर १९९५ साली करण्यात आले. तरीही दिल्लीकरांच्या बोलण्यात जुने नाव टिकून आहे. पदवी गेली, प्रांत गेला, नाव मात्र दूरच्या एका शहरात उरले, असा हा इतिहास आहे.

ब्रिटिश राजघराण्यातील अनेक ड्यूकपदे काळाच्या ओघात नष्ट झाली आणि पुढे त्यांतील बरीचशी पुन्हा निर्माण करण्यात आली. कॅनॉटचे ड्यूकपद पुन्हा निर्माण झाले नाही. त्याच सनदेतील इतर दोन स्थलनामे एकविसाव्या शतकात राजघराण्याच्या पदव्यांमध्ये परतली असताना कॅनॉट हेच एक नाव का वगळले गेले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना पदवीचा कायदा, धारकाचा वंश आणि पदवीतील भूमी या तीन घटकांचा स्वतंत्रपणे विचार करणे आवश्यक ठरते.

ड्यूकपदाचे स्वरूप

इंग्लंडमध्ये ड्यूकपदाचा आरंभ १३३७ साली झाला. तिसऱ्या एडवर्डने आपल्या ज्येष्ठ पुत्रासाठी कॉर्नवॉलचे ड्यूकपद निर्माण केले. कॉर्नवॉल आणि लँकेस्टर या दोन ड्यूकपदांना मोठ्या जमिनी आणि त्यांचे उत्पन्न जोडलेले राहिले. राजपुत्रांना नंतरच्या काळात दिल्या गेलेल्या ड्यूकपदांचे स्वरूप मात्र वेगळे होते. त्यांत एखाद्या शहराचे किंवा परगण्याचे नाव असे. पण त्या भूमीवर धारकाचा कोणताही हक्क नसे. मराठी वाचकाला परिचित असलेल्या जहागिरीशी किंवा सरंजामाशी त्यांची तुलना करताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. जहागीरदाराला गावाचा वसूल मिळे; ब्रिटिश राजपुत्राला नाव, मान आणि उमरावांच्या सभागृहातील आसन मिळे. त्याचा निर्वाह संसदेने मंजूर केलेल्या वार्षिक अनुदानावर आणि त्याला लाभलेल्या पदांच्या वेतनावर चाले.

असे पद राजाच्या सनदेने निर्माण होते आणि वारसाचा क्रमही त्या सनदेतच नमूद असतो. बहुतेक सनदांमध्ये हा क्रम धारकाच्या औरस पुरुष वारसांपुरता मर्यादित असतो. कन्या, कन्येची संतती आणि दत्तक पुत्र यांना त्यात स्थान नसते. त्यामुळे पदाचा शेवट तीन प्रकारे संभवतो. पुरुष वारस न उरल्यास पद नष्ट होते. १८४३ साली ससेक्सचे आणि १९०४ साली केंब्रिजचे ड्यूकपद असे नष्ट झाले. धारक स्वतः राजा झाल्यास पद राजपदात विलीन होते. क्लॅरेन्सचा ड्यूक १८३० साली चौथा विल्यम म्हणून गादीवर आला तेव्हा तसे घडले. तिसरा प्रकार कायद्याने पद स्थगित होण्याचा. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूला असलेल्या उमरावांच्या पदव्या काढून घेण्यासाठी १९१७ साली कायदा करण्यात आला आणि १९१९ साली त्यानुसार ऑल्बनी व कंबरलँड ही दोन ड्यूकपदे स्थगित झाली. कॅनॉटचे ड्यूकपद यांपैकी पहिल्या वर्गात मोडते. त्याच्या वाट्याला तिसरा प्रकार येण्याची एक शक्यता मात्र निर्माण झाली होती. तिचा उल्लेख पुढे येईल.

१८७४ ची सनद आणि तीन स्थलनामे

राणी व्हिक्टोरियाचा तिसरा पुत्र आर्थर विल्यम पॅट्रिक ऑल्बर्ट याचा जन्म १ मे १८५० रोजी बकिंगहॅम राजवाड्यात झाला. वॉटर्लूच्या लढाईतील विजेता सेनापती वेलिंग्टनचा ड्यूक आर्थर वेलस्ली याचाही जन्मदिवस १ मे हाच होता. तो राजपुत्राचा धर्मपिता झाला आणि त्याच्यावरूनच मुलाचे नाव ठेवण्यात आले. नावातील ‘पॅट्रिक’ हा आयर्लंडच्या संताचा उल्लेख आहे; राणीने आदल्याच वर्षी, १८४९ मध्ये, आयर्लंडचा दौरा केला होता.

राणीच्या वाढदिवशी, २४ मे १८७४ रोजी, आर्थरला ‘ड्यूक ऑफ कॅनॉट अँड स्ट्रॅथर्न’ आणि ‘अर्ल ऑफ ससेक्स’ या पदव्या देण्यात आल्या. या सनदेत तीन देशांची तीन स्थलनामे एकत्र आली. कॅनॉट आयर्लंडमधील, स्ट्रॅथर्न स्कॉटलंडमधील आणि ससेक्स इंग्लंडमधील. अशी जुळणी करण्याची प्रथा अठराव्या शतकापासून होती. तिसऱ्या जॉर्जचा भाऊ विल्यम हेन्री ग्लॉस्टर व एडिंबरोचा ड्यूक आणि कॅनॉटचा अर्ल होता. त्या पदव्या १८३४ साली नष्ट झाल्या होत्या. व्हिक्टोरियाचे वडील केंट व स्ट्रॅथर्नचे ड्यूक आणि डब्लिनचे अर्ल होते. म्हणजे १८७४ च्या सनदेतील ‘स्ट्रॅथर्न’ हे राणीच्या पित्याचे स्मरण होते.

या सनदेत एक गोष्ट मात्र लक्षणीय होती. पूर्वीच्या जुळणीत आयरिश नाव बहुधा अर्ल किंवा बॅरन या कनिष्ठ पदवीत असे. येथे ते ड्यूकपदात आणि तेही अग्रस्थानी आले. हा काळ आयर्लंडच्या दृष्टीने नाजूक होता. १८०१ पासून आयर्लंड ब्रिटनशी कायद्याने जोडलेले असले, तरी तो संबंध आयरिश जनतेच्या मनात रुजला नव्हता. राजघराण्याचे वास्तव्य आयर्लंडमध्ये असावे, युवराजाने तेथे राजप्रतिनिधी म्हणून काम करावे, अशी योजना पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी मांडली होती. राणीने ती स्वीकारली नाही. वास्तव्य दिले गेले नाही, पण १८७४ मध्ये नाव दिले गेले.

नावामागची भूमी

कॅनॉट हा आयर्लंडच्या पश्चिमेकडील प्रांत. गॉलवे, मेयो, स्लायगो, रॉसकॉमन आणि लीट्रिम हे त्याचे पाच परगणे. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या विजयानंतर पूर्वेकडील सुपीक जमिनी काढून घेऊन कॅथलिक जमीनदारांना शॅनन नदीच्या पलीकडे, मुख्यतः या प्रांतात, हलवण्याचे धोरण अवलंबण्यात आले. तेव्हापासून कॅनॉट हे नाव आयरिश स्मृतीत विस्थापनाशी जोडले गेले. बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे १८४५ पासून जो दुष्काळ पडला, त्याचा सर्वांत कठोर आघात याच प्रांतावर झाला. १८४१ च्या जनगणनेत कॅनॉटची लोकसंख्या सुमारे १४ लाख होती; १८५१ मध्ये ती सुमारे १० लाखांवर आली. मृत्यू आणि स्थलांतर यांमुळे दहा वर्षांत चारांतील एकाहून अधिक माणसे कमी झाली. आर्थर राजपुत्राचा जन्म याच दशकाच्या अखेरीचा.

सनद दिली गेल्यानंतर पाच वर्षांनी, १८७९ साली, मेयो परगण्यात कुळांची चळवळ सुरू झाली आणि तीतून आयरिश लँड लीग ही संघटना उभी राहिली. चळवळीचा एक प्रमुख नेता मायकेल डेव्हिट हा मेयोचाच. १८८० च्या शरद ऋतूत लॉ मास्क या सरोवराकाठी राहणारा जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी गावकऱ्यांनी सर्व व्यवहार तोडले. मजूर शेतावर येईनात, दुकानदार माल देईनात. पीक काढण्यासाठी अल्स्टरमधून सुमारे पन्नास स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य ठेवावे लागले. या प्रसंगातून इंग्रजी भाषेला ‘बॉयकॉट’ हे क्रियापद मिळाले. हिंदुस्थानात वंगभंगाच्या चळवळीत हेच हत्यार उपयोगात आले. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत मराठी वाचकांना त्याचा ‘बहिष्कार’ या नावाने परिचय झाला. ड्यूकच्या पदवीतील प्रांत अशा रीतीने दोन परस्परविरोधी गोष्टींचे नाव बनला होता. एकीकडे तो राजनिष्ठेचे चिन्ह म्हणून मिरवत होता, तर दुसरीकडे असहकाराची ती जन्मभूमी होती.

पहिला ड्यूक आणि मुंबई इलाखा

आर्थरचा ओढा प्रथमपासून सैन्याकडे होता. वुलिच येथील लष्करी प्रशिक्षणानंतर १८६८ साली त्याला अधिकारपद मिळाले. १८८२ साली इजिप्तमधील तेल-अल-कबीरच्या लढाईत त्याने गार्ड्स ब्रिगेडचे नेतृत्व केले. हिंदुस्थानात तो प्रथम मेरठ विभागाचा सेनापती म्हणून आला आणि डिसेंबर १८८६ ते मार्च १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सरसेनापती होता. या सैन्याचे मुख्य ठाणे पुणे असल्यामुळे ड्यूकचा संबंध पुण्याशी आला. शहरातील कॅनॉट रोड हे नाव त्या संबंधाची खूण होय.

या काळातील एक घटना पदवी आणि कायदा यांच्या परस्परसंबंधावर प्रकाश टाकते. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्ये साजरा व्हावयाचा होता. सरसेनापतीने हिंदुस्थान सोडून युरोपात पाऊल ठेवले की त्याचे पद रिक्त झाले असे मानणारा कंपनीच्या काळातील नियम तेव्हाही लागू होता. राणीच्या पुत्रालाही त्यातून सूट नव्हती. अखेर आईच्या समारंभास मुलाला हजर राहता यावे, यासाठी संसदेला ‘ड्यूक ऑफ कॅनॉट रजा कायदा, १८८७’ संमत करावा लागला. पदवीने मान मिळे. अधिकार मात्र कायद्यानेच मिळे आणि कायद्यानेच जाई. १९०३ च्या दिल्ली दरबारातही हेच दिसून आले. राजाचा सख्खा भाऊ असलेला ड्यूक तेथे उपस्थित होता. परंतु राजाचा प्रतिनिधी या नात्याने अग्रमान व्हाइसरॉय कर्झनकडे राहिला.

हिंदुस्थानी कारागिरीशी ड्यूकचा आलेला संबंध अधिक टिकाऊ ठरला. लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख लॉकवुड किपलिंग आणि त्यांचे शिष्य भाई राम सिंग यांच्याकडून त्याने इंग्लंडमधील आपल्या बॅगशॉट पार्क या निवासस्थानातील एका दालनाची सजावट करवून घेतली. ती पाहूनच पुढे राणीच्या ऑस्बर्न येथील दरबार दालनाचे काम भाई राम सिंग यांच्याकडे सोपवण्यात आले. सैन्यातही ड्यूकचे नाव राहिले. १९१४ साली बेल्जियममध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे खुदादाद खान हे ‘१२९ वी ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन बलुची’ या पलटणीचे शिपाई होते. हिंदुस्थानी सैनिकाला हे पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

१९२०–२१ : एका नावाचे दोन अर्थ

कॅनॉट या नावाचे दोन्ही अर्थ हिंदुस्थानच्या भूमीवर अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने समोरासमोर आले. कॅनॉट रेंजर्स ही १७९३ साली उभारलेली आयरिश पलटण. तिचे नाव प्रांतावरून पडले होते. ड्यूकपदाशी त्याचा संबंध नव्हता. २८ जून १९२० रोजी जालंधर येथे या पलटणीच्या काही सैनिकांनी काम करण्यास नकार दिला. आयर्लंडमध्ये ब्रिटिश सुरक्षादलांकडून चाललेले अत्याचार त्यांच्या कानी आले होते. हे बंड सोलन येथील तुकडीत पसरले. त्याबद्दल जेम्स डॅली या सैनिकाला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाई येथे गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. १९२२ साली ही पलटणच विसर्जित झाली.

डॅलीच्या मृत्यूला जेमतेम दोन महिने होत असतानाच, जानेवारी १९२१ मध्ये, ड्यूक ऑफ कॅनॉट मद्रासला उतरला. त्याचे वय तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९१९ च्या सुधारणा कायद्याने निर्माण झालेल्या विधिमंडळांचे उद्घाटन करण्यासाठी राजाने त्याला पाठवले होते. ८ फेब्रुवारी रोजी त्याने दिल्लीत नरेंद्र मंडळाचे आणि ९ फेब्रुवारी रोजी केंद्रीय विधिमंडळाचे उद्घाटन केले. १० फेब्रुवारी रोजी युद्धस्मारकाची, म्हणजे आजच्या इंडिया गेटची, आणि १२ फेब्रुवारी रोजी संसद भवनाची कोनशिला त्याच्या हस्ते बसवण्यात आली. हेच भवन २०२३ पासून ‘संविधान सदन’ या नावाने ओळखले जाते. विधिमंडळापुढील भाषणात त्याने अमृतसरच्या हत्याकांडाचा उल्लेख केला आणि झाले गेले विसरून दोन्ही बाजूंनी परस्परांना क्षमा करावी, असे आवाहन केले.

हे आवाहन मनापासून केलेले असले, तरी त्याला मिळालेला प्रतिसाद मर्यादित होता. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले होते. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’मधून ड्यूकला उद्देशून जाहीर पत्र लिहिले. आपला विरोध ड्यूकच्या व्यक्तित्वाला नाही. तो ज्या राज्यपद्धतीचे प्रतिनिधित्व करतो तिच्याशी सहकार्य न करण्याचा हा निर्धार आहे, अशी त्यांची भूमिका होती. कॅप्टन बॉयकॉटच्या नावाने जगाला ज्ञात झालेले हत्यार अशा रीतीने त्याच प्रांताचे नाव धारण करणाऱ्या राजपुत्राच्या स्वागताच्या वेळी उपसले गेले. हा योगायोग होता. पण त्यामागे एक सलग इतिहास होता. जमीनदारी आणि परसत्ता यांविरुद्ध एका वसाहतीत शोधलेला उपाय दुसऱ्या वसाहतीने आपलासा केला होता.

नरेंद्र मंडळाच्या उद्घाटनातही एक विसंगती दडलेली होती. डलहौसीच्या काळात औरस वारस नाही या कारणावरून सातारा (१८४८) आणि नागपूर (१८५४) ही मराठी राज्ये खालसा करण्यात आली होती. १८५७ च्या उठावानंतर हे धोरण सोडून देण्यात आले आणि १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. ड्यूकने ज्या संस्थानिकांना उद्देशून भाषण केले, त्यांच्या गाद्या दत्तकविधानाने चालू राहू शकत होत्या. त्याच्या स्वतःच्या पदवीला ती सोय नव्हती.

वंश आणि १९१७ चा नियम

ड्यूकचा विवाह १३ मार्च १८७९ रोजी प्रशियाची राजकन्या लुईस मार्गारेट हिच्याशी झाला. त्यांना मार्गारेट (१८८२–१९२०), आर्थर (१८८३–१९३८) आणि पॅट्रिशिया (१८८६–१९७४) ही तीन अपत्ये झाली. पुरुष वारस एकच होता.

१८९९ साली वंशासमोर वेगळाच प्रश्न उभा राहिला. जर्मनीतील सॅक्स-कोबुर्ग-गोथा या संस्थानाची गादी ड्यूकचा थोरला भाऊ आल्फ्रेड याच्याकडे होती आणि त्याचा एकुलता पुत्र त्या वर्षी मरण पावला. गादीचा पुढचा हक्क कॅनॉटच्या ड्यूककडे व त्याच्या पुत्राकडे येत होता. दोघांनीही तो सोडला आणि ती गादी ऑल्बनीच्या अल्पवयीन ड्यूककडे गेली. महायुद्धात तो शत्रुपक्षात गणला गेला आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचे ब्रिटिश ड्यूकपद स्थगित झाले. कॅनॉटच्या शाखेने कोबुर्गची गादी पत्करली असती, तर तिच्या ड्यूकपदावरही तीच वेळ येण्याची शक्यता होती.

युद्धाने राजघराण्याचे अंतर्गत नियमही बदलले. जुलै १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने घराण्याचे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतले. त्याच वर्षी लंडनमधील ‘कोबुर्ग’ हे नामांकित हॉटेल ‘कॅनॉट’ झाले. ३० नोव्हेंबर १९१७ च्या सनदेने राजपुत्र ही उपाधी मुख्यतः राजाची मुले आणि पुरुषवंशातील नातवंडे यांच्यापुरती मर्यादित केली. याचा थेट परिणाम ड्यूकचा नातू ॲलिस्टर याच्यावर झाला. ९ ऑगस्ट १९१४ रोजी जन्मलेला हा मुलगा राणी व्हिक्टोरियाचा पणतू. जन्मतः तो राजपुत्र होता. वयाच्या चौथ्या वर्षी त्याची ती उपाधी गेली आणि आईच्या फाइफ घराण्याकडून आलेल्या ‘अर्ल ऑफ मॅकडफ’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला.

ड्यूकचा पुत्र आर्थर दक्षिण आफ्रिकेचा गव्हर्नर-जनरल (१९२०–२४) होता. पित्याच्या आधीच, १२ सप्टेंबर १९३८ रोजी, त्याचे निधन झाले. पहिला ड्यूक १६ जानेवारी १९४२ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी बॅगशॉट पार्क येथे मरण पावला. ड्यूकपद त्याने सदुसष्ट वर्षांहून अधिक काळ धारण केले. त्यानंतर ॲलिस्टर दुसरा ड्यूक झाला. पदवी राजपुत्रासाठी निर्माण झालेली होती, पण तिचा धारक आता राजपुत्र नव्हता. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल अर्ल ऑफ ॲथलोन यांचा एडीसी म्हणून तो ओटावाला होता. पूर्वी १९११ ते १९१६ या काळात त्याचे आजोबा ज्या शासकीय निवासस्थानात गव्हर्नर-जनरल म्हणून राहिले होते, त्याच रिडो हॉलमध्ये २६ एप्रिल १९४३ रोजी त्याचा मृत्यू झाला. तो अठ्ठावीस वर्षांचा आणि अविवाहित होता. दुसऱ्या ड्यूकची कारकीर्द जेमतेम पंधरा महिन्यांची ठरली आणि कॅनॉट, स्ट्रॅथर्न व ससेक्स या तिन्ही पदव्या एकाच दिवशी संपल्या.

वंश मात्र संपला नाही. थोरली कन्या मार्गारेट स्वीडनच्या युवराजाची पत्नी होती. स्वीडनचे राजे सोळावे कार्ल गुस्ताफ हे तिचे नातू होत. डेन्मार्कच्या राणी दुसऱ्या मार्गारेट या तिच्या मुलीची मुलगी. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पदत्याग केल्यावर त्यांचे पुत्र दहावे फ्रेडरिक गादीवर आले. ड्यूकचे वंशज आज युरोपातील दोन सिंहासनांवर असताना त्याचे ड्यूकपद वारसाअभावी नष्ट झाले, असे कायद्याची भाषा सांगते. ‘वारसाअभावी’ या शब्दाचा अर्थ येथे ‘पुरुषवंशातील वारसाअभावी’ एवढाच आहे.

परतलेली दोन नावे

नष्ट झालेली पदवी राजाला पुन्हा निर्माण करता येते आणि ब्रिटिश राजघराण्याने हा मार्ग वारंवार अवलंबला आहे. १८७४ च्या सनदेतील स्ट्रॅथर्न हे नाव २०११ साली प्रिन्स विल्यम यांच्या अर्लपदात परतले. ससेक्स हे नाव २०१८ साली प्रिन्स हॅरी यांच्या ड्यूकपदात परतले. कॅनॉट परतले नाही. १९२२ साली कॅनॉटचे पाचही परगणे आयरिश फ्री स्टेटमध्ये गेले आणि १९४९ पासून ते प्रजासत्ताकाचा भाग आहेत.

राजघराण्याने १९२२ नंतर आयरिश नावे पूर्णपणे टाकली असे नाही. १९२८ साली ग्लॉस्टरच्या ड्यूकला अल्स्टरचे अर्लपद मिळाले. त्यानंतरच्या सनदांमध्ये डाउनपॅट्रिक (१९३४), किलिली (१९८६), कॅरिकफर्गस (२०११) आणि किलकील (२०१८) ही बॅरनपदे आली. ही चारही स्थळे उत्तर आयर्लंडमधील, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये राहिलेल्या भागातील आहेत. अल्स्टर प्रांताचा मोठा भागही तेथेच आहे. या क्रमावरून एक अलिखित मर्यादा स्पष्ट होते. राजाची सत्ता जेथे उरली नाही, तेथील नाव नव्या सनदेत घेतले जात नाही. जमिनीशी संबंध नसलेली ही पदवी पूर्णपणे भूमिनिरपेक्ष कधीच नव्हती. तिला जमिनीचा वसूल लागत नव्हता. पण त्या जमिनीवर राजाची सत्ता आहे, हे गृहीत लागत होते. ड्यूकपद १९४३ साली वंशाच्या नियमाने नष्ट झाले. ते पुन्हा निर्माण होण्याची वाट मात्र १९२२ सालीच बंद झाली होती.

साम्राज्याने वाटलेली नावे स्थानिक वापरातून टिकली, हा या इतिहासाचा शेवटचा भाग होय. हाँगकाँगमध्ये १८९० साली ड्यूकच्या हस्ते समुद्र हटवून जमीन मिळवण्याच्या कामाची कोनशिला बसली. तेथील कॅनॉट रोड १९९७ च्या सत्तांतरानंतरही त्याच नावाचा राहिला. दिल्लीत मेट्रोचे स्थानक ‘राजीव चौक’ आहे आणि त्यातून बाहेर पडणारा प्रवासी ‘कॅनॉट प्लेस’ला आलो असे म्हणतो. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील बाजारपेठही ‘कॅनॉट प्लेस’ या नावाने ओळखली जाते. त्या नावात ड्यूक नाही आणि आयर्लंडही नाही. तेथे हे नाव दिल्लीकडून आले आहे. मेयो आणि गॉलवेच्या दुष्काळग्रस्त भूमीचे नाव एका राजपुत्राच्या पदवीत, पदवीतून एका राजधानीत आणि तेथून मराठवाड्यातील एका वसाहतीत पोहोचले. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर आधीचा अर्थ गळून पडला. सनदेला वारस हवा होता आणि सत्तेला भूमी हवी होती. लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावाला या दोहोंची गरज लागली नाही.